अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि दाराबाहेरचा बाप

मागच्या एका गळीत हंगामातली गोष्ट. एका कार्यकर्त्याची आई आजारी होती म्हणून आम्ही मराठवाड्यातील एका जिल्हा रुग्णालयात गेलो होतो. वरच्या मजल्यावर नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष. त्याच्या बंद दारापाशी बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण उकिडवा बसलेला. मांडीवर झाकण लावलेली स्टीलची वाटी, पायाशी कपड्यांची पिशवी. जयभीम घातला तेव्हा बोलू लागला. जोडीने ऊसतोडीला गेलेला. बायकोला सातव्या महिन्यातच फडात कळा सुरू झाल्या. ग्रामीण रुग्णालयात बाळंतपण झाले. बाळ बाराशे ग्रॅमचे. बायकोचा रक्तदाब वाढलेला, म्हणून ती तिथेच राहिली आणि बाळ १०८च्या गाडीतून इकडे आले. बाळासोबत आला तो हा बाप. रोज एसटीने चाळीस किलोमीटर जायचे, बायकोने पिळून दिलेले दूध वाटीत घेऊन यायचे, दारातल्या सिस्टरच्या हातात द्यायचे आणि बाहेर बसायचे.

आम्ही विचारले, बाळ कसे आहे? तो म्हणाला, "मला काय माहीत दादा, मी बाप हाय. आत निस्तं आईला सोडतेत."

आई चाळीस किलोमीटरवर खाटेला खिळलेली. बाप दारात. आणि बाळ आत काचेच्या पेटीत, एकटे. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. पलीकडे मुकादम होता. खाडा पडतोय, कोयता कधी परत येणार, हा त्याचा सवाल.

या एका प्रसंगात आम्हाला आजच्या लेखाचा सगळा विषय दिसला. अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्माला आले की आपण आईची चौकशी करतो, आणि ते योग्यच आहे. बाळाची चौकशी करतो, तेही योग्यच आहे. पण पहिल्यांदाच बाप झालेल्या या पोराचे काय? त्याला कुणी काही समजावून सांगत नाही, आत घेत नाही, रजा देत नाही आणि रडूही देत नाही. त्याच्याकडून सगळ्यांना दोनच गोष्टी हव्या असतात, सही आणि पैसे. आमचे म्हणणे असे की बापाला दाराबाहेर ठेवणे हा त्या बाळावरचा आणि त्या आईवरचा अन्याय आहे, आणि तो दूर करता येण्याजोगा आहे.

हा प्रश्न कुणाचा?

सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला वैद्यकशास्त्र मुदतपूर्व म्हणते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात १ कोटी ३४ लाख बाळे अशी जन्मली, आणि त्यातली सुमारे ३० लाख एकट्या भारतात. जगात पहिला क्रमांक आपला.

ही बाळे श्रीमंतांच्या घरीही जन्मतात. पण रक्त कमी असलेली, कमी वयात लग्न झालेली, दिवस भरत आले तरी मोळी उचलणारी, विटा वाहणारी, रक्तदाब कधी तपासलाच नाही अशी आई कोणत्या वस्तीत राहते हे आम्ही सांगायला नको. श्रीमंताचे बाळ खाजगी दवाखान्यात जाते. तिथे बापाला बसायला खुर्ची असते, डॉक्टर दिवसातून दोनदा बोलतात. आपला माणूस मात्र कर्ज काढून तिथे जातो किंवा सरकारी दवाखान्याच्या जिन्यावर झोपतो. म्हणून हा प्रश्न चळवळीचा आहे. अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती यांच्या गर्दीत हा कसला बारीकसारीक विषय काढला, असे काही मित्रांना वाटेल. त्यांना आमचे नम्रपणे सांगणे आहे, की जे लेकरू महिनाभर जगले नाही त्याला शिष्यवृत्तीचा काय उपयोग?

बापाच्या छातीलाही ऊब असते

बाळाला ऊब देणे हे आईचेच काम, बापाचा तिथे काय उपयोग, असे अनेकांना वाटते. शास्त्र वेगळे सांगते.

१९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात सरकारी प्रसूतिगृहात पेट्या कमी आणि बाळे जास्त अशी स्थिती होती. एकाच पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत आणि जंतुसंसर्गाने ती दगावत. तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळे आयांच्या छातीशी उघड्या अंगाला बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवते, तशी ही पद्धत. म्हणून तिला 'कांगारू मदर केअर' म्हणतात. पैसा नव्हता, यंत्र नव्हते, म्हणून गरिबांच्या दवाखान्यात निघालेला हा उपाय पुढे साऱ्या जगाने उचलला. भारत आणि आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडून दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमची बाळे जन्मल्याबरोबर आईच्या किंवा तिच्या जागी दुसऱ्या माणसाच्या छातीशी ठेवली, तेव्हा पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले. त्यानंतर २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. अशा बाळांना दिवसातून आठ ते चोवीस तास, जितके जमेल तितके, छातीशी ठेवा, असे त्यांत सांगितले आहे.

चोवीस तासांतले आठ-दहा तास तरी बाळ छातीशी हवे, आणि आईचे टाके ताजे, तिला ताप किंवा रक्तदाब, नाहीतर ती दुसऱ्याच गावी. मग उरलेले तास कुणाचे? उत्तर सरळ आहे. बापाचे. दूध बाप देऊ शकत नाही, पण ऊब देऊ शकतो. सदरा उघडायचा, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे, बाळाला फक्त लंगोट, टोपरे आणि पायमोजे ठेवून छातीवर उभे धरायचे, मान एका बाजूला वळवायची म्हणजे श्वास मोकळा राहतो, आणि वरून कापडाने बांधून घ्यायचे. एका बैठकीला निदान तासभर. हे काम बाप, आजी, मावशी कुणीही करू शकते. बाळाच्या कातडीला बापाची कातडी परकी नसते.

दार कुणी बंद केले?

बापाला आत घेऊ नका, असा कोणता कायदा आहे? आमच्या माहितीत असा कायदा नाही. उलट केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने २०१७ साली कुटुंबाच्या सहभागातून नवजात बाळाची काळजी कशी घ्यावी याची मार्गदर्शक पुस्तिका काढली. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातील अनुभव त्यामागे होता. आई-वडिलांना हात धुणे, गाऊन घालणे, बाळाला दूध पाजणे, स्वच्छ करणे, धोक्याची लक्षणे ओळखणे शिकवा आणि त्यांना आत बसू द्या, असे तिचे सांगणे. कागदावर बाप आत आहे. प्रत्यक्षात दारावर पाटी आहे.

यावर रुग्णालयाची बाजू आम्ही नाकारत नाही. आमच्या परिचयाच्या एका सिस्टरने सांगितले, "एका सिस्टरकडे किती बाळं असतात ते येऊन बघा. त्यात प्रत्येकाचा बाप आत आला तर आम्ही काम कधी करायचं?" जंतुसंसर्गाची भीती खोटी नाही. आयांच्या खोलीत बायका उघड्या अंगाने बाळ घेऊन बसलेल्या असतात, तिथे परक्या पुरुषाचा वावर नको, हेही खरे. पण या अडचणींवर दार बंद करणे हाच उपाय आहे काय? आईला हात धुवायला शिकवता येते तर बापालाही येते. दोन पडदे टांगले, वेळा ठरवून दिल्या तर आडोशाचा प्रश्न सुटतो. आणि शिकवलेला बाप सिस्टरच्या कामात अडथळा ठरत नाही, तो दोन जादा हात घेऊन येतो.

अडाणी माणसाला हे कसे समजणार, असे कुणी म्हणेल तर त्याने गडचिरोलीकडे बघावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या बायकांना शिकवले आणि नवजात बाळांचे मृत्यू घरच्या घरी कमी करून दाखवले. ते संशोधन १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. आज आशाताई घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासते, त्या कार्यक्रमाचे मूळ या कामात आहे. खेड्यातली कमी शिकलेली बाई हे शिकू शकली, तर खेड्यातला बाप का शिकणार नाही? न शिकवता अडाणी म्हणायचे ही या देशातली जुनी चाल आहे. आम्हाला ती चांगली ओळखीची आहे.

बंद दाराची आणखी एक बाजू आहे. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील अशाच कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. त्या बाळांचे आईबाप कक्षाबाहेर होते. आईबाप आत असते तर सगळी बाळे वाचली असती, असा दावा आम्ही करणार नाही. पण ज्या खोलीत स्वतःचे लेकरू आहे त्या खोलीवर आईबापाची नजर असणे ही सुरक्षेचीच एक तजवीज आहे, हे भंडाऱ्यानंतर कुणाला पटवून सांगावे लागू नये.

खाडा कुणी भरायचा?

दार उघडले तरी बापाला तिथे थांबता आले पाहिजे. इथे प्रश्न पोटाचा येतो.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि जे राष्ट्राच्या हिताचे त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाचा कायदाही त्यांनी १९४३ साली सुधारून घेतला. मूल जन्माला येणे ही घरातली खाजगी बाब नाही, समाजाची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यांनी मांडून आता जवळजवळ शंभर वर्षे झाली.

त्या तत्त्वाचा पुढचा टप्पा आपण गाठला काय? २०१७च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील आईची रजा सव्वीस आठवडे झाली. बापासाठी त्यात एक दिवसही नव्हता. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्याची जागा आता २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, तिच्यातही बापाची रजा नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. पण अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ अनेकदा दीड-दोन महिने दवाखान्यातच असते. म्हणजे बाळ घरी येण्याआधीच रजा संपलेली. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार दिवंगत राजीव सातव यांनी २०१७ साली लोकसभेत पितृत्व लाभाचे खाजगी विधेयक मांडले होते. असंघटित कामगारांनाही त्यात धरले होते. ते पास झाले नाही. ब्रिटनमध्ये मात्र २०२३ साली कायदा झाला आणि एप्रिल २०२५पासून तो लागू आहे. नवजात बाळ सलग सात दिवस किंवा त्याहून जास्त दवाखान्यात राहिले तर नोकरदार आई आणि बाप दोघांनाही नेहमीच्या रजेशिवाय बारा आठवड्यांपर्यंत जादा रजा मिळते.

आमच्या फडातल्या पोराला यातले काहीच लागू नाही. त्याने उचल घेतलेली. नवराबायको मिळून एक कोयता. बायको बाळंत झाली म्हणजे अर्धा कोयता आधीच मोडला, उरलेला अर्धा दवाखान्याच्या दारात बसला. प्रत्येक दिवसाचा खाडा त्याच्या अंगावर. पाचव्या दिवशी तो बाळाला सोडून फडावर परत गेला, तर त्याला बेजबाबदार म्हणणारे आपण कोण? म्हणून नुसती रजा मागून भागणार नाही, रोजीची भरपाई मागावी लागेल. बाळ सरकारी अतिदक्षता कक्षात असेल तितके दिवस असंघटित कामगार असलेल्या बापाला किमान वेतनाइतकी रक्कम सरकारने द्यावी, आणि त्या काळात ऊसतोड कामगाराचा खाडा धरू नये. बांधकाम कामगार मंडळ बाळंतपणाला मदत देतेच, त्यात हे कलम जोडणे अवघड नाही. ऊसतोड कामगारांचे महामंडळही आहे. इच्छा पाहिजे. शिवाय दवाखान्यात बापाला पाठ टेकायला जागा आणि एक वेळचे जेवण ही काही चैनीची मागणी नव्हे.

बापाचे रडणे

पुरुषाने रडू नये, असे आपल्यालाही शिकवले गेले. बाप बाहेर गंभीर चेहरा करून उभा राहतो, मग रात्री गुत्त्याकडे वळतो, आणि आपण म्हणतो, बघा, याला बाळाचे काही नाही. त्याची भीती कुणी विचारलीच नाही. बायको जगेल का, बाळ जगेल का, जगले तर धड असेल का, पैसे कुठून आणू, हे चार प्रश्न तो कुणापाशी बोलणार?

बाबासाहेबांची आणि माता रमाईंची चार लेकरे गेली. जुलै १९२६मध्ये राजरत्न गेल्यावर बाबासाहेबांनी दत्तोबा पवार या आपल्या मित्राला पत्र लिहिले. या आघातातून आम्ही दोघे कधी सावरू असे वाटत नाही, अशा आशयाचे ते पत्र आहे. महाडचा संग्राम पुढे उभा होता आणि बाप म्हणून ते कोसळले होते, आणि ते त्यांनी लपवले नाही, मित्राला लिहून कळवले. ज्यांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, त्यांनी तरी बापाच्या रडण्याला बायकीपणा म्हणू नये.

नव्या बापाला चार गोष्टी

आता थोडे थेट त्या बापाशी बोलू.

बाबा रे, आठव्या महिन्याचे जगत नाही आणि सातव्याचे जगते, ही निव्वळ थाप आहे. पोटात जितके आठवडे जास्त, तितकी जगण्याची आशा जास्त. तुझ्या बायकोचा पायगुण वाईट म्हणून हे झाले, ग्रहण बघितले म्हणून झाले, असे कुणी म्हणाले तर पहिला तू उभा राहा. दूध येणे तिच्या मनाच्या शांततेवरही अवलंबून असते. आईचे दूध या बाळाला औषधासारखे आहे. तिला अजिबातच येत नसेल तर दूध बँकेची चौकशी कर. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूध बँक सुरू केली. तिथल्या बाटलीतल्या दुधाला जात नसते.

सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाची औषधे, तपासण्या, रक्त आणि ने-आण करणारी गाडी २०११च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे, आणि ही सवलत पुढे एक वर्षाच्या बाळापर्यंत वाढवली आहे. बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी दिली तर नम्रपणे कारण विचार. रोज एकदा डॉक्टरला तीन गोष्टी विचार. आज वजन किती, दूध किती पचले, श्वास कसा आहे. वहीत लिहून ठेव.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नको. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो. ही तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत झाली पाहिजे, फार लहान बाळाची त्याआधीच. बाळ दिसायला ठणठणीत असते, डोळे टपोरे असतात, म्हणून लोक जात नाहीत, आणि जगवलेले बाळ आंधळे होते. वेळेवर कळले तर उपचार आहेत. घरी सोडताना ही तारीख विचारून घे आणि काहीही झाले तरी त्या दिवशी बाळाला घेऊन जा. घरी बाळाला छातीशी घे, त्याच्याजवळ विडी-सिगारेट नको, आणि दूध पिईनासे झाले, अंग गार किंवा गरम लागले, श्वास भरभर चालला तर अंगारा-धुपारा न करता सरळ दवाखाना गाठ.

आपण काय करायचे?

मागण्या सरकारकडे करायच्याच. पण सरकार जागे होईपर्यंत बाळे थांबणार नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात आपल्या संघटना आहेत, महिला मंडळे आहेत, विहारे आहेत, नर्सिंगला गेलेल्या आपल्या मुली आहेत. जयंतीच्या वर्गणीतला एक छोटा हिस्सा बाजूला काढून जिल्हा रुग्णालयापाशी राहणाऱ्या अशा आईबापांच्या डब्याची सोय लावता येईल. ज्यांची अपुऱ्या दिवसांची पोरे आज शाळेत जातात, अशा दोन-चार बापांनी आठवड्यातून एकदा दवाखान्यात जाऊन नव्या बापाशी बोलावे. "माझंही असंच होतं, आता दुसरीत आहे," हे वाक्य कोणत्याही समुपदेशकापेक्षा जास्त काम करते. आणि आपल्या शिष्टमंडळाने २०१७ची ती पुस्तिका हातात घेऊन सिव्हिल सर्जनला भेटावे आणि विचारावे, साहेब, आपल्या दवाखान्यात बापाला आत केव्हा सोडता?

त्या दिवशी आमच्यासोबतच्या कार्यकर्त्याने हेच केले. तासभर हुज्जत झाली. शेवटी सिस्टरने त्या पोराचे हात धुऊन घेतले, गाऊन दिला आणि त्याला आत नेले. वीस मिनिटांनी तो बाहेर आला. हातात रिकामी वाटी होती. म्हणाला, "दादा, त्यानं माझं बोट धरलं."

मग त्याने मुकादमाला फोन लावला आणि सांगितले, अजून आठ दिवस येणार नाही, खाडा धरायचा तर धरा. त्या आठ दिवसांचा खाडा त्याच्या एकट्याच्या अंगावर पडू नये, एवढे तरी आपल्याला करता आले पाहिजे.